पहिला नग आणि शंभरावा नग

'एस्प्रेसो' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो कोल्हापुरात, एका मंगल कार्यालयाच्या मागच्या मांडवात. ऐंशीच्या दशकात लग्नाच्या स्वागत-समारंभात आइसक्रीमच्या बरोबरीनं जिचा दिमाख असे ती म्हणजे एस्प्रेसो कॉफी. चकचकीत स्टीलचं उभं पिंप, त्याला एक लांब नळी, आणि ती नळी दुधात बुडवली की सगळ्या मांडवाला ऐकू जाणारा खरखराट. कपात इन्स्टंट कॉफी, साखर, वाफेनं फुगवलेलं दूध आणि वरून चिमूटभर चॉकलेटची पूड. एरवी आमच्या घरी कॉफी म्हणजे जायफळ घातलेली, तीही उपासाला नाहीतर पाहुण्यांना. त्यामुळे ही फेसाळ कॉफी म्हणजे आम्हा मुलांना लग्नातला मुख्य विधी वाटे.

अमेरिकेत शिकायला आल्यावर कळलं, की त्या पिंपातून एस्प्रेसो कधी निघतच नव्हता. दूध फुगवणारी नळी ही मूळ यंत्राची शेपटी. आम्ही गोष्टीतल्या आंधळ्यांसारखे शेपटीलाच हत्ती समजून बसलो होतो.

गेल्या वर्षी माझे वडील, अण्णा, सहा महिन्यांसाठी इकडे आले. वय अठ्ठ्याहत्तर. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. तीन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, पाच कामगार. ऑइल इंजिनाचे व्हॉल्व्ह गाइड करून ते मोठ्या कारखान्यांना पुरवत. आमच्या स्वयंपाकघरातलं एस्प्रेसो मशीन त्याच सुमारास गळायला लागलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी खाली येऊन पाहतो तर जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं आणि त्यावर मशीनचे सगळे अवयव ओळीनं मांडलेले. मी काही बोलायच्या आत अण्णांनी विचारलं, "हे पहिल्यांदा कुणी केलं?"

मी इंजिनिअरिंगमधला डॉक्टर! उत्साहानं सांगायला लागलो. दोन मिनिटं ऐकून ते म्हणाले, "शोध कुणी लावला ते राहू दे. घराघरांत कुणी पोचवलं ते सांग."

वाचकहो, त्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. पुढचे काही महिने वाचन करून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो आहे.

गोष्ट सुरू होते इटलीतल्या तूरिन शहरात. आंजेलो मोरिओंदो हा तिथला हॉटेल-व्यावसायिक. गिऱ्हाइकांना कॉफीसाठी ताटकळावं लागू नये म्हणून त्यानं वाफेच्या जोरावर झटपट कॉफी करणारं यंत्र तयार केलं. १८८४ साली त्याचं पेटंट घेतलं आणि त्याच वर्षीच्या तूरिनच्या प्रदर्शनात ते मांडून कांस्यपदकही मिळवलं. पण त्यानं यंत्रं केली ती मोजकी, हातानं घडवलेली, आणि स्वतःच्याच हॉटेलांत बसवलेली. कारखाना काढून ती विकायच्या भानगडीत तो पडला नाही. परिणाम असा, की कॉफीच्या इतिहासातून हा माणूस जवळजवळ पुसला गेला आणि त्याचं पेटंट पुढे कित्येक दशकांनी संशोधकांनी उकरून काढलं. पहिला नग त्याचा, पण दुसऱ्याच्या घरी गेला नाही.

दुसरा गडी मिलानचा, लुइजी बेझेरा. १९०१ साली त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. मोरिओंदोच्या यंत्रात एकदम पुष्कळ कॉफी तयार होई. बेझेरानं एकेका कपाची सोय केली. मूठ असलेल्या छोट्या गाळणीत पूड भरायची, ती गाळणी यंत्राच्या तोंडाला पीळ देऊन अडकवायची, की समोर गिऱ्हाइकासाठी ताजा कप तयार. आजही जगातल्या कुठल्याही कॉफीच्या दुकानात हीच कृती चालते. पण यंत्र बाजारात आणलं ते देसिदेरिओ पावोनी यानं. त्यानं बेझेराकडून हक्क घेतले, मिलानमध्येच छोटं वर्कशॉप थाटलं आणि 'इदेआले' नावाचं यंत्र बनवायला सुरुवात केली. किती? दिवसाला एक! १९०६ साली मिलानला मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं, तिथे लोकांनी ही कॉफी चाखली आणि एस्प्रेसोचं नाव सर्वतोमुखी झालं.

दिवसाला एक यंत्र, हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा हसण्याऐवजी त्यांनी मान डोलावली. "रोज एक म्हणजे वर्षाला तीनशे. रोज एक आणि रोज तसंच. सोपं नाही."

आता थोडं तांत्रिक. कंटाळू नका, आपल्या सगळ्यांच्या घरात प्रेशर कुकर आहे, त्यामुळे हे समजायला जड नाही. बेझेरा-पावोनीचं यंत्र म्हणजे मोठा कुकरच होता. बॉयलरमधल्या वाफेचा दाब १ ते दीड बार. आपला कुकर शिट्टी देतो तोही साधारण १ बारला. या दाबानं पाणी कॉफीतून ढकललं जाई. अडचण अशी, की वाफेच्या यंत्रात दाब आणि उष्णता यांची लग्नगाठ असते. १ बारला बॉयलरमधलं पाणी १२० अंश सेल्सिअसला उकळतं आणि कॉफी करपते. दाब वाढवायला जाल तर उष्णता आणखी वाढते; ९ बारची वाफ हवी तर पाणी १८० अंशांवर न्यावं लागेल. कॉफीला मात्र हवं ९० ते ९६ अंशांचं पाणी आणि दाब हवा ९ बार, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या सुमारे चौपट.

ही गाठ सोडवली मिलानच्याच आकिल्ले गाज्जा या बारमालकानं. १९३८ साली त्यानं पहिलं पेटंट घेतलं. मध्ये महायुद्ध आलं. १९४७ साली त्यानं स्प्रिंग आणि दांडा असलेलं सुधारित यंत्र आणलं. दांडा खाली ओढला की स्प्रिंग आवळली जाते, सोडला की ती दट्ट्याला खाली रेटते आणि दट्ट्या पाण्याला. पाणी तापवायचं काम बॉयलरचं, दाब द्यायचं काम स्प्रिंगचं. दोन कामं वेगळी झाली आणि कपावर पहिल्यांदा तो सोनेरी-तपकिरी साय आल्यासारखा थर दिसला, ज्याला इटालियन लोक 'क्रेमा' म्हणतात. आज आपण जिला एस्प्रेसो म्हणतो ती कॉफी खऱ्या अर्थानं इथे जन्मली.

पण हे सगळं चाललं होतं दुकानांत. घरात काय होतं? घरात होती 'मोका', ती अष्टकोनी ॲल्युमिनियमची किटली. तिची कथा तर अण्णांच्या प्रश्नाचं जणू उदाहरणच. १९३३ साली आल्फोन्सो बिआलेत्ती यानं ती आणली. हा माणूस ॲल्युमिनियमच्या ओतकामातला. किटली आसपासच्या बाजारांत विकायची, एवढीच त्याची झेप. १९३४ ते १९४० या काळात सगळ्या मिळून सुमारे ७०,००० किटल्या झाल्या. युद्धानंतर, १९४६ साली, त्याचा मुलगा रेनातो यानं कारभार हाती घेतला. त्यानं सारा भर या एका किटलीवर दिला, उत्पादन वाढवलं, जाहिराती केल्या, आणि मोका इटलीतल्या बहुतेक घरांत जाऊन बसली. २०१६ साली रेनातो वारला तेव्हा त्याच्या अस्थी मोकाच्याच आकाराच्या कलशात ठेवल्या होत्या. बापानं वस्तू केली, मुलानं ती पोचवली. पण मोकातला दाब पुन्हा कुकरइतकाच. तिची कॉफी चांगली असते, पण एस्प्रेसो नव्हे.

खरा ९ बारचा एस्प्रेसो घरात न्यायचा तर अडचणींची माळच होती. दुकानातलं यंत्र वजनानं जड, किमतीनं भारी, आणि बिघडलं तर मेकॅनिक हाकेच्या अंतरावर. घरी मेकॅनिक नाही, पाणी कसं असेल सांगता येत नाही, वापरणाऱ्याला कुणी शिकवलेलं नाही, आणि दिवसाला दोन कपांसाठी तो किती पैसे मोजणार?

यातून नामी वाट काढली ती पावोनीच्याच कंपनीनं. १९६१ साल मोठं गमतीचं आहे. त्या वर्षी फाएमा कंपनीनं 'ई-६१' हे दुकानी यंत्र आणलं. त्यात पाण्याला दाब द्यायला विजेचा पंप होता, म्हणजे दुकानातल्या माणसाच्या दंडाला विश्रांती मिळाली. त्याच वर्षी ला पावोनीनं घरासाठी 'युरोपिकोला' आणलं, आणि त्यात काय होतं? पंप नाही आणि स्प्रिंगही नाही! सुमारे पाऊण लिटरचा बॉयलर, त्याच्या डोक्यावर दट्ट्या आणि एक लांब दांडा. दाब द्यायचा तो घरमालकानं स्वतःच्या हातानं. दुकानानं टाकून दिलेला दंड घरानं उचलला. यंत्रातून जितके भाग वगळता येतील तितके वगळायचे, म्हणजे करायला सोपं, पाठवायला हलकं, दुरुस्तीला कमी. १९७३ च्या 'लिव्ह अँड लेट डाय' या चित्रपटात जेम्स बाँड आपल्या साहेबासाठी याच यंत्रावर कॉफी करताना दिसतो. साठ वर्षांहून अधिक काळ मूळ घडण फारशी न बदलता ते विकलं जात आहे. १९६७ साली स्वित्झर्लंडच्या ऑलिंपिया एक्सप्रेस या छोट्या कंपनीनंही 'क्रेमिना' हे तसंच हातदांड्याचं घरगुती मशीन काढलं. पुढे १९७७ साली 'बेबी गाज्जा' आणि १९९७ साली रांचिलिओ कंपनीचं 'सिल्व्हिया' आलं, आणि विजेचा पंप घरातही स्थिरावला.

इथे मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगायला हवी. ती सांगायला मला फारशी आवडत नाही.

मी डॉक्टरेट केली ती कंट्रोल सिस्टिम्समध्ये. विद्यार्थी असताना जुनं घरगुती मशीन विकत घेतलं होतं. त्यातला साधा थर्मोस्टॅट इस्त्रीसारखा चालायचा. तापलं की बंद, निवलं की चालू, आणि तापमान वरखाली. त्या सुमारास इथल्या हौशी मंडळींनी अशा मशीनना पीआयडी कंट्रोलर बसवायला सुरुवात केली होती. हा कंट्रोलर आत्ता किती फरक आहे, आतापर्यंत किती साठला आणि तो किती वेगानं बदलतो आहे, हे तिन्ही पाहून हीटरला सूचना देतो. याचं गणित १९२२ साली निकोलस मिनोर्स्की यांनी जहाजाच्या सुकाणूसाठी मांडलं होतं. युद्धनौका सरळ ठेवणारं गणित कॉफीच्या कपात! मला तर माझ्या प्रबंधाचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

२००८ साली मी आणि एका मित्रानं गॅरेजमध्ये असे बारा संच केले. सगळे ओळखीतल्या लोकांना विकले. तापमान अर्ध्या अंशात स्थिर! लोक खूश. बोलबाला झाला आणि चाळीस जणांनी आगाऊ पैसे पाठवले. इथे आमची गाडी रुतली. तापमापक बॉयलरला टेकवायचा तो आम्ही प्रत्येक वेळी हातानं बसवत होतो. एकात तो घट्ट टेके, दुसऱ्यात केसभर फट राही, आणि त्या फटीनं सगळं गणित बदले. म्हणजे प्रत्येक संच वेगळा जुळवायचा, संचामागे एक रविवार. शिवाय पाण्याशेजारी घरची वीज खेळवायची, तर सुरक्षिततेचं प्रमाणपत्र हवं. त्याचा खर्च आमच्या एकूण विक्रीहून जास्त.

एका रविवारी फोनवर अण्णांपाशी रडगाणं गायलो. त्यांचं वर्कशॉप तीन वर्षांपूर्वीच बंद झालं होतं. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "जिग केलास का?"

जिग म्हणजे वस्तू नेमक्या जागी धरून ठेवणारा साचा. तो एकदा केला की कुणीही कामगार तापमापक त्याच जागी, तितक्याच दाबानं बसवील. मी काय म्हणालो ते अजून आठवतं. "अण्णा, हे इलेक्ट्रॉनिक्स आहे, तुमचं ऑइल इंजिन नव्हे." पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्यांनी सुनेची चौकशी केली आणि फोन ठेवला. दोन महिन्यांनी आम्ही चाळीस जणांचे पैसे परत केले.

मी सॉफ्टवेअरमध्ये रमलो त्यामागे हेही एक कारण असावं. आमच्या धंद्यात पहिली प्रत लिहिण्यात सगळी मेहनत, हजारावी प्रत फुकट. ती पहिलीसारखी निघेल का, हा प्रश्नच नाही. अण्णांचं सारं आयुष्य त्या प्रश्नात गेलं. त्यांच्या टेबलावर एक पोलादी गेज असे, एक टोक भोकात जायलाच हवं, दुसरं जाताच कामा नये. दिवसभरात शेकडो व्हॉल्व्ह गाइड त्या दोन टोकांतून पार पडत. मला लहानपणी वाटे, किती कंटाळवाणं काम! यात डोकं कुठे आहे? डोकं त्या गेजात होतं, हे कळायला मला चाळीस जणांचे पैसे परत करावे लागले.

म्हणूनच अलीकडच्या एका छोट्या कंपनीची कथा मी जरा जास्त आस्थेनं वाचली. जॉन बकमन हा आमच्याच जातीचा, सॉफ्टवेअरचा माणूस. ई-मेलच्या याद्या चालवणारी लिरिस ही कंपनी त्यानं काढली होती, २००३ मध्ये मॅग्नाट्यून ही संगीताची कंपनी काढली. पुढे त्यानं हाँगकाँगमध्ये डिसेंट एस्प्रेसो ही कंपनी सुरू केली. तिचं घरगुती यंत्र, डीई-१. त्यात मोठा बॉयलर नाही. गरम आणि गार पाणी हवं त्या प्रमाणात मिसळून तापमान साधलं जातं. बटणांच्या जागी एक टॅब्लेट. दाब, प्रवाह आणि तापमान यांचे आलेख कॉफी गळत असतानाच पडद्यावर उमटतात. गाज्जाच्या स्प्रिंगचा दाब जसा हळूहळू उतरत जाई तसा उतार हवा असेल तर तोही सॉफ्टवेअर करून देतं, आणि त्या टॅब्लेटवरचा प्रोग्रॅम सर्वांना वाचायला खुला आहे.

कल्पना तर माझ्या मनातलीच! पण कल्पनेपासून खोक्यापर्यंतची वाट मोठी. लोकांनी आगाऊ पैसे भरलेले, आणि यंत्रं ग्राहकांकडे रवाना व्हायला २०१८ साल उजाडावं लागलं. अशा यंत्रात काय काय आडवं येतं पाहा. अमेरिकेत आपल्या भिंतीतल्या १२० व्होल्टच्या प्लगमधून जेमतेम १,८०० वॅट निघतात, इंग्लंडमधल्या साध्या किटलीला ३,००० मिळतात. म्हणजे दोन देशांना दोन हीटर. घरगुती मशीनमधला कंपनावर चालणारा पंप विजेच्या ठेक्यावर नाचतो, भारत-युरोपात सेकंदाला ५० वेळा, इथे ६०. मुंबईहून आणलेला मिक्सर ट्रान्सफॉर्मरवर चालवून पाहिलेल्यांना हे दुखणं ठाऊक आहे. पाठवण्यापूर्वी प्रत्येक यंत्र पाणी भरून तपासायचं, आणि मग ते पाणी थेंब न् थेंब काढायचं. हिवाळ्यात मालगाडीत ते गोठलं तर बर्फ सुमारे ९ टक्के फुगतो आणि नळ्या फोडतो. प्रोग्रॅममधली चूक रात्रीत दुरुस्त करून सगळ्यांना धाडता येते. चुकीच्या मापाचा वायसर समुद्रापार गेला, की तो तिथेच गळत बसतो.

अण्णांच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर असं, की घराघरांत पोचवणारा कुणी एक नाही. पण जे पोचवू शकले त्या सगळ्यांनी एक गोष्ट केली. पहिल्या नगाच्या कौतुकात न अडकता शंभरावा तसाच कसा निघेल याचा त्यांनी विचार केला. मोरिओंदो आणि पावोनी यांच्यात अंतर बुद्धीचं नव्हतं. आणि गॅरेजातल्या आम्हा दोघांत जे कमी पडलं ते गणितही नव्हतं.

आपल्यापैकी पुष्कळांचे आईवडील असंच काहीतरी करत होते. कुणी वर्कशॉपमध्ये, कुणी बँकेच्या काउंटरवर, कुणी शाळेत तोच धडा तीस वर्षं तितक्याच नेटानं शिकवत. आपण शिकून इकडे आलो, 'नवीन' करण्याच्या मागे लागलो, आणि त्यांच्या कामाला मनातल्या मनात साचेबंद म्हणालो. साचा बनवायला काय लागतं, ते आपल्याला कुणी विचारलं नाही.

असो. मशीनचं पुढे काय झालं ते सांगतो. अण्णांना गळती सापडली होती. गाळणी अडकते तिथला रबरी वायसर उष्णतेनं विटकरीसारखा कडक झाला होता. मशीन अकरा वर्षांचं. मी म्हटलं, आता कुठला मिळणार? त्यांनी माझ्या डिजिटल व्हर्निअरनं माप घेतलं, मी भागाचा क्रमांक शोधून मागवला. चार दिवसांत पाकीट आलं. अण्णांनी वायसर जागेवर ठेवला, अंगठ्यानं गोल दाबत नेला. कुठे घासावा लागला नाही, कुठे ओढावा लागला नाही.

मग त्यांनी मशीन आडवं करून, चष्मा वर सरकवत तळाची पट्टी वाचली. तिथे अनुक्रमांक कोरला होता, सहा आकडी. त्यांनी तो सावकाश, मोठ्यानं वाचला.

"एवढी केली? आणि हा वायसर सगळ्यांना बसतो?"

"हो, अण्णा."

"जिग चांगला केलाय कुणीतरी," ते म्हणाले.

मी कॉफी केली. क्रेमा बरी आली होती. "अण्णा," मी म्हटलं, "तेव्हा फोनवर मी जे बोललो ना..." त्यांनी हातानंच थांबवलं, एक घोट घेतला, तोंड कडू केलं आणि विचारलं, "घरात जायफळ आहे का रे?"